जागवलेलं पाणी

सगुणामावशी मला आवडायची ती तिच्या जिताड्यांमुळे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी फार मायाळू वगैरे वाटायला नको. पेणमध्ये माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. दिवसभर मी लोकांचे जंतू वाढवते, मोजते आणि मारते, आणि संध्याकाळी घरी जाऊन मासे खाते. सगुणामावशी वडखळच्या पलीकडे, खाडीकाठच्या एका गावात राहते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांना मासळी विकून पोट भरायचं आहे.

त्या गावात घर तिथे तळं. खाडीतून जिताड्याची बोटभर पिल्लं आणायची, घरामागच्या तळ्यात सोडायची, आणि दोन-तीन वर्षांनी लेकीचा साखरपुडा किंवा साहेबांची भेट असं काही निघालं की हातभर मासा बाहेर काढायचा. तळं नवीन खणलं की मात्र एक भानगड होते. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि पिल्लं पटापट मरतात. लोक म्हणतात, पाणी झोपलेलं आहे, आणि मग सगुणामावशीला बोलावतात.

मी तिला पाणी जागवताना एकदाच पाहिलं. उन्हं चांगली वर आली होती. आपल्या तळ्याचं पाणी आणि तळचा मूठभर चिखल तिने कळशीत घेतला, वर ओलं फडकं बांधलं आणि शेताच्या बांधांवरून चालत निघाली. वाटेत कळशी खाली ठेवायची नाही आणि कुणाशी बोलायचं नाही. मी गंमत म्हणून दोन-तीनदा काहीबाही विचारलं, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. नव्या तळ्यात ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली, कळशी हळूहळू ओतली, मग वाकून तोंड पाण्याशी नेलं आणि मूल उठवतात तसं म्हणाली, "ऊठ गो बाय, ऊठ. सकाल झाली."

काठावरचे पुरुष टोप्या हातात घेऊन उभे होते. वारा पडला होता. तिच्याभोवतीचं गढूळ पाणी हळूहळू स्वच्छ पाण्यात पसरत गेलं आणि मला उगाचच तिथून निघून जावंसं वाटलं.

यात भुताखेताचं काही नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. माशांच्या घाणीने पाणी विषारी होतं आणि ते विष खाणारे जंतू जुन्या चिखलात असतात. मावशी कळशीतून तेच नेत होती. परतताना मी तिला हे सगळं समजावलं. आता बोलायला बंदी नव्हती, त्यामुळे तिने मला सोडलं नाही.

"म्हंजे मी जंतू वाटत फिरतंय?"

"चांगले जंतू, मावशी."

"कलशीभर. आनि तला केवढा मोठा! येवढ्याशांनी कसा पुरा पडंल?"

मग मी तिला सांगितलं की जंतूला नवरा लागत नाही, बाळंतपण लागत नाही. तो नुसता लांब होतो, मध्ये आवळतो आणि एकाचे दोन होतात. सोय मिळाली तर वीस-एक मिनिटांत. दोनाचे चार, चाराचे आठ. सकाळी एक असेल तर संध्याकाळपर्यंत मोजता येणार नाहीत इतके.

ती बांधावर थांबली. "यांतली आय कनची आनि पोर कनची?"

"तसं नसतंच. आईच दोन लेकी होते."

"मग आय मेली का?"

"मेली नाही. प्रेत कुठे आहे?"

हे मी वर्गात सांगतात तसं सहज बोलून गेले. मावशीने मात्र मागे वळून आपल्या तळ्याच्या दिशेने पाहिलं आणि म्हणाली, "म्हंजे माज्या सासूनं तल्यात टाकल्यालं, तीच अजून हायत. मरल्याच नाय." आणि पदर खांद्यावर ओढून घेतला. हवा उकाड्याची होती, तरी ओढून घेतला.

तिच्याबद्दल अजून थोडं सांगायला हवं. नवरा लवकर गेला. एकच मुलगी, रोहिणी. तिला मावशीने मासे विकून बारावीपर्यंत शिकवलं आणि रोह्याजवळ निडीला दिलं. जावई सुजय रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. मावशी कजाग होती. भाव करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातातून मासा काढून घ्यायची आणि "तू वांगी खा" म्हणून वाटेला लावायची. पण काहीही वाया घालवणं तिच्या जिवावर यायचं. तांदूळ धुतलेलं पाणी, माशाची खवलं, फाटलेलं जाळं, सगळ्याचा उपयोग व्हायचा. सगळं बिघडलं ते तिच्या या सवयीपायी.

काही वर्षांपूर्वी तिच्या जिताड्यांना अंगावर लाल चट्टे पडले, कल्ले सडायला लागले. तिने घराघरांत फिरून उरलेल्या गोळ्या गोळा केल्या. कुणाच्या तापाच्या, कुणाच्या दाताच्या, कुणाच्या टाक्यांच्या. पाच दिवसांचा कोर्स दिलेला असतो, बरं वाटलं की आपण दोन दिवसांत सोडतो, आणि पाकीट देव्हाऱ्याशेजारी पडून राहतं. सगळ्यांचं तसंच. मावशीने त्या गोळ्या पाट्यावर वाटल्या आणि कोंड्यात मळल्या. आता जिताडा कोंडा खात नाही, त्याला जिवंत मासळी लागते. म्हणून तिने तो कोंडा आधी बारक्या मासळीला चारला आणि ती मासळी जिताड्याला. चट्टे गेले. गावात वाहवा झाली. तेव्हापासून आपल्याला काढा देतात तसं दर पावसाळ्याआधी, मासे आजारी असोत-नसोत, मावशी गोळ्यांचा कोंडा तळ्यात टाकू लागली. गोळ्या लोक आपण होऊन आणून द्यायचे.

मला हे ठाऊक नव्हतं. असतं तर मी आकाशपाताळ एक केलं असतं.

मग सुजयने निडीला भाताच्या खाचरात तळं खणलं, आणि मावशी कळशी घेऊन लेकीच्या घरी गेली. एवढ्या लांब चालत जाणं शक्य नव्हतं, म्हणून रिक्षा केली. कळशी मांडीवर ठेवली, वाटभर बोलली नाही. रिक्षावाला लतीफ पुढे मला सांगत होता, "मी म्हटलं, मावशी, बरं नाय का? तर डोलं मिटून नुसती कलशी धरून बसलेली. मना वाटलं, आत कायतरी जितं हाय." लेकीच्या तळ्यात उतरून तिने पाणी जागवलं. पाणी लागलं, पिल्लं जगली, सुजय खूश झाला.

पहिला मोठा जिताडा काढताना तो रोहिणीच्या पायावर आपटला. जिताड्याच्या कल्ल्याला सुरीसारखा काटा असतो. तिच्या पावलाच्या वर बोटभर चीर गेली. तिने हळद दाबली आणि कामाला लागली. पाय सुजला, मग जखमेच्या कडा काळ्या पडल्या, आणि ताप चढला तेव्हा तिला रोह्याला डॉक्टर आसियाच्या दवाखान्यात नेलं.

आसिया माझी मैत्रीण. तिचे वडील आणि भाऊ आखातात, ती एकटी इथे चिकटून राहिलेली. हात हलका, जीभ तिखट. तिने जखम कापून साफ केली, पू माझ्याकडे पाठवला.

जंतू बशीवर वाढवून त्यावर औषधांच्या चकत्या ठेवायच्या, हे माझं रोजचं काम. औषध लागू पडलं तर चकतीभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ गोल दिसतो. ते गोल पाहिले की मला चंद्राला खळं पडल्यासारखं वाटतं, बरं वाटतं. रोहिणीच्या बशीवर एकही गोल नव्हता. चकत्यांना खेटून, चकत्यांच्या खालीसुद्धा, दह्याच्या सायीसारखा एकसलग थर. एका शेवटच्या, जुन्या औषधाभोवती तेवढी बारीक रेघ उजळली होती. ते औषध किडनीला त्रास देतं, म्हणून सहसा कुणी वापरत नाही.

जंतू कोणता? तर आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतो तो. अगदी गरीब. एरवी साध्या गोळीने मरणारा. याला एवढी हिंमत कुठून आली?

मी आसियाला फोन केला. ती म्हणाली, "नूतन, औषध चालू करते. पण जखम अशीच वर सरकली तर मी गुडघ्याखालून पाय काढणार आहे. पोरगी वाचली पाहिजे." रोहिणीला तेव्हा चार वर्षांची मुलगी होती, आणि शेतात चिखलणीपासून झोडणीपर्यंत सगळं तीच करायची. पाय तिचा होता, पण सगळं घर त्या पायावर उभं होतं.

जुन्या औषधाने गुण आला. जखम गुलाबी झाली. माझ्या बशीवर काही उगवलं नाही. रोहिणी निडीला घरी गेली, आणि लेकीच्या शुश्रूषेला मावशी तिच्याकडे जाऊन राहिली. थोड्याच दिवसांत जखम पुन्हा चिघळली. बशीवर पुन्हा तीच साय.

मग मी निडीला गेले. मुद्दाम दुपारची. तळ्यावर कुणी नव्हतं, पाण्यावर हिरवा तवंग होता, आणि खालून मधूनच एक जिताडा वर येऊन वळायचा. मी बाटलीत पाणी घेतलं, चिखल घेतला. मागून आलेल्या सुजयने सहज सांगितलं की सासूबाई कोंड्यात गोळ्या घालतात, तेव्हा मी तिथेच बांधावर बसले.

तळ्याच्या पाण्यात मला सगळी औषधं पचवणारा जंतू सापडला. पण तो रोहिणीच्या पायातला नव्हता. जातच वेगळी. हा पाण्यातला जीव, आपल्या अंगाच्या उबेला तग धरत नाही. रोहिणीच्या पायात गेला असता तरी तासा-दोन तासांत मेला असता. आणि तरीही औषधांना तोंड द्यायचं हत्यार दोघांकडे एकच, अगदी शेवटच्या खुणेपर्यंत.

मग मी एक करून पाहिलं. माझ्या फ्रिजमध्ये आतड्यातल्या जंतूचा एक गरीब वाण आहे, तपासण्यांसाठी ठेवलेला. कुठल्याही औषधाने मरतो. तो आणि तळ्यातला, दोघांना मी एका थेंबात बसवलं. जेवून आले. मग तो थेंब औषध घातलेल्या बशीवर पसरला आणि अंगाएवढ्या उबेत ठेवला. गरिबाने औषधाने मरायला हवं होतं आणि तळ्यातल्याने उबेने. सकाळी बशी कोरी असायला हवी होती.

सकाळी बशीवर ठिपके होते. टपोरे, ओलसर, चमकणारे. मी तपासले. माझाच गरीब जंतू. रात्रीतून हत्यारबंद झालेला.

हे नवीन नाही, पुस्तकात आहे, मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. जंतू आपली मालमत्ता पोटच्यालाच देतो असं नाही. त्याच्याजवळ मुख्य साठ्याशिवाय एक छोटं कडं असतं, आणि औषधाला तोंड द्यायची विद्या बहुतेक त्या कड्यात असते. तो एक बारीक नळी बाहेर काढतो, शेजाऱ्याला चिकटवतो, जवळ ओढून घेतो आणि कड्याची एक प्रत त्याला देऊन टाकतो. स्वतःचं स्वतःजवळ राहतंच. शेजारी आपल्या जातीचा आहे की नाही हे तो फारसं बघत नाही. काही जंतू मरून फुटले की जे सांडतं तेही दुसरे उचलून घेतात. म्हणजे मेलेला देतो आणि जिवंत घेतो. सगळं मला पाठ होतं. पण त्या सकाळी खिडकीतून लख्ख ऊन बशीवर पडलं होतं, रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, आणि मी ते ठिपके पुन्हा पुन्हा मोजत होते. तळ्यातला जंतू रोहिणीच्या अंगात मेला असेल, नाही कोण म्हणतं? पण मरायच्या आधी त्याला द्यायचं ते तो देऊन गेला होता.

पुढे मी आजूबाजूच्या तळ्यांचं पाणी आणलं. मावशीने जागवलेल्या प्रत्येक तळ्यात ते कडं होतंच. पण महिपती म्हणून एकाचं तळं होतं, त्याचं आणि मावशीचं वर्षानुवर्षांचं भांडण. त्याने तिला कधी अंगणात पाऊल टाकू दिलं नव्हतं. त्याच्या पाण्यातही ते होतं, आणि ते तिसऱ्याच जातीच्या जंतूत. बगळ्याच्या पायाने गेलं, भरतीच्या पाण्याने गेलं, कशाने गेलं कुणास ठाऊक. मी महिपतीला काही बोलले नाही, पण परत येताना गाडीत काचा बंद करून बसले. काचा लावून काय होणार होतं, ते विचारू नका.

एक कोडं मात्र सुटत नव्हतं. आता रोहिणी तळ्याजवळ फिरकत नव्हती. पाणी उकळून, भांडी कडकडीत. दवाखान्यात जखम स्वच्छ व्हायची आणि घरी गेली की चिघळायची. आसियाने निर्वाणीचं सांगितलं होतं, आणखी एकदा असं झालं तर पाय जाईल.

मग एकदम लक्षात आलं. पट्टी कोण बदलतं?

मावशीला शी तपासायला मागायची म्हणजे काय दिव्य होतं, ते मलाच माहीत. "तुज्या बापाला मी जिताडं खाऊ घातलं, आनि तू मना ह्ये मागतंस?" असं ती सगळ्या दवाखान्यासमोर ओरडली. मी म्हटलं, मावशी, रोहिणीच्या पायासाठी. त्यावर तिने मुकाट्याने डबी घेतली.

दोन दिवसांनी ती स्वतः लॅबमध्ये आली. ठणठणीत होती. कधी तापाने झोपलेली नाही, कधी पोट बिघडलं नाही. मी बशी तिच्यासमोर ठेवली. औषध घातलेली बशी, काठापर्यंत भरलेली.

"ह्ये रोहिनीच्या पायातलं?"

"नाही मावशी. हे तुमच्या पोटातलं. तेच आहे."

ती वाकली. पाण्याशी तोंड नेलं होतं तशीच वाकली, फार जवळ. मी तिचा खांदा धरून मागे ओढलं. ती तरी बघतच होती.

"मना काय हुईत नाय ता?"

"तुम्हाला काही होत नाही. ते तुमच्यात नुसतं राहतंय. पण हाताने जखमेपर्यंत जातं. पट्टी तुम्ही बदलू नका. साबणाने हात धुवा, जेवण दुसऱ्या कुणाला करू द्या. बाकी तुम्ही तिच्याजवळ बसा, बोला."

"कवा गेला ह्ये माज्यात?"

"ते नाही सांगता येणार. तळ्याचं पाणी कधीतरी तोंडात गेलं असेल."

ती म्हणाली, "आनि माज्यात ह्ये दोनाचं चार, चाराचं आठ करतंय. आता बोलतंय तवा पन."

मी हो म्हणाले. खोटं काय सांगणार?

तिने आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. मग ते पदरात गुंडाळले आणि तशीच जिना उतरून गेली. जाताना दार तिने कोपराने ढकललं.

मी सांगितलं होतं हात धुवायला. ती माणसातूनच उठली. निडीला लेकीच्या घरी राहिली, पण घरात पाऊल टाकेना. अंगणाच्या कडेला गवताची खोप होती, तिथे वेगळी चूल मांडली. ताट वेगळं, तांब्या वेगळा. हात सतत पदराखाली. नात धावत आली की "थांब तितंच!" असं खेकसायची, आणि पोर दचकून रडायची. पट्टी सुजयची बहीण बदलायला लागली. रोहिणीला खरं कारण सांगायचं नाही अशी मावशीने मला आणि आसियाला शपथ घातली होती. लेकीला कळलं तर ती ऐकणार नाही, असं तिचं म्हणणं.

त्यामुळे रोहिणीला एवढंच दिसायचं की आई लांब उन्हात बसून तिच्याकडे एकटक बघते आणि जवळ येत नाही. तिने हाका मारल्या, रडली, चिडली. गावात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, म्हातारीला बाहेरचं लागलंय. कुणी म्हणालं, तळ्यातलं कायतरी तिच्या अंगात शिरलंय. या दुसऱ्या लोकांवर मी हसणार होते, पण हसू आलं नाही. त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

मावशीने गावी जाऊन आपलं तळंही मोडलं. उघाडीची, म्हणजे पाणी सोडायच्या दाराची, फळी काढून पाणी नाल्याला लावायला निघाली होती. मी धावत जाऊन अडवलं, कारण ते सगळं खाडीत गेलं असतं. मग पाणी जागच्या जागी आटू दिलं, तळाला चुना पसरला. पांढऱ्या चिखलात मोठाले जिताडे तडफडत होते आणि काठावर घारी बसल्या होत्या, पण एकही घार खाली उतरली नाही. चुन्याने उतरल्या नसतील. मी स्वतःला तसंच सांगितलं.

आणि रोहिणीचा पाय सुधारला. तिसऱ्यांदा औषध चाललं आणि या वेळी जखम घरी येऊनही गुलाबीच राहिली. मग भरली, मग कातडी आली. आसिया मला म्हणाली, "कापायची वेळ आली नाही, अल्लाचे उपकार." मला आनंद झाला, खूप झाला. फक्त एक गोष्ट मनातून जात नव्हती. आई दूर झाली तेव्हा लेक बरी झाली.

भातं कापून झाली, वालाच्या शेंगा धरायला लागल्या, तेव्हा मी मावशीच्या तपासण्या पुन्हा केल्या. एकदा, परत एकदा, आणि खात्रीसाठी अजून एकदा. काही उगवलं नाही. असं होतं. औषधाचा मारा नसेल तर कडं बाळगणं जंतूला जड जातं, कधी कधी तो ते टाकून देतो. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती, म्हणून मी निडीला गेले.

मावशी खोपीबाहेर बसली होती. बारीक झाली होती, हात पदराखालीच. मी चार पावलांवर दगडावर बसले. त्याहून जवळ ती कुणाला बसू देत नव्हती.

"मावशी, तिन्ही तपासण्या चांगल्या आल्या. काही दिसलं नाही."

"गेला?"

"दिसलं नाही."

"मी इचारतंय काय, आनि तू सांगतंस काय?"

तिच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. मी म्हटलं, "माझ्या बशीवर उगवलं नाही. पोटात करोडो जंतू असतात, मावशी. त्यातला एखादा ते कडं जवळ ठेवून गप्प बसला असेल, किंवा भलत्याच जातीच्या कुणाला देऊन मोकळा झाला असेल, तर मला कळायचं नाही. बहुतेक गेलंय. तुम्ही हात धुऊन नातीला खुशाल घ्या. सगळी माणसं असंच काही ना काही बाळगून जगतात."

"बहुतेक," ती म्हणाली. "त्या बहुतेकावर मी पोरीला हात लावू?"

आमच्या मागे आवाज झाला. रोहिणी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा आधी कोरा होता, मग हळूहळू एकेक गोष्ट जुळत गेली, ते मला दिसत होतं. उन्हात बसणं, पदरातले हात, नातीवरचं खेकसणं. ती पायरी उतरली. त्या पायावर किंचित लंगडत, पण पायावर. अंगण ओलांडून सरळ आईसमोर येऊन बसली.

"लांब हो गो," मावशी म्हणाली. "रोहिने, लांब हो."

रोहिणीने तिच्या पदरात हात घातला. मावशी मागे सरकली, खोपीच्या कुडाला टेकली, आणखी जागा नव्हती. "सोड! नूतन, हिला सांग! सांग हिला!" ती माझ्याकडे बघून ओरडत होती. रोहिणीने तिचे हात ओढून बाहेर काढले. साबणाने धुऊन धुऊन त्यांची सालं निघाली होती, बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या. रोहिणीने ते हात आपल्या गालांवर दाबून धरले.

"तुज्याजवल काय हाय ता दे मना," ती म्हणाली. "तुजा मी नाय घेनार, त कोन घेल, आये?"

दोघी रडत होत्या, माझेही डोळे भरले होते, आणि तरी माझी नजर त्या चिरा पडलेल्या बोटांवर होती. ती बोटं रोहिणीच्या ओल्या गालांवरून तिच्या तोंडाच्या कडेशी गेली होती. त्यांना सोडवायला मी उठले, आणि परत बसले.

मावशीने थोडा वेळ हात ओढले. मग ओढायचे सोडले.